आधीचा हात

काकांच्या जुन्या जावा मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा हब उघडला तेव्हा ब्रेकच्या अस्तराची काळी भुकटी सांडली आणि तिच्याबरोबर पत्र्याचा एक तुकडा खाली पडला. फरशीवर टिण्ण असा आवाज झाला म्हणून लक्ष गेलं, नाहीतर केराबरोबर गेला असता. नखाएवढा तुकडा, दोन्ही टोकं काटकोनात दुमडलेली. त्याचा जोडीदार दुसऱ्या ब्रेक शूच्या, म्हणजे अस्तर लावलेल्या अर्धगोल पट्टीच्या, टोकावर अजून घट्ट बसून होता, दोन शूंमधला कॅम नावाचा चपटा खुंटा जिथे टेकतो नेमका तिथे. ते पाहिल्यावर उलगडा झाला. पेडल दाबलं की कॅम फिरतो, दोन्ही शू फाकतात आणि अस्तर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला लागतं. अस्तर झिजत गेलं की कॅमला जास्त फिरावं लागतं, पेडल खोल जातं, आणि एका मर्यादेनंतर बाहेरचा नट कितीही आवळला तरी ब्रेक धरत नाही. तेव्हा शूच्या टोकावर असा पत्रा चढवतात. झिजलेल्या शूतून आणखी थोडे दिवस निघतात. काकांनी तो चढवला होता. आणि चढवण्याआधी त्याच्या कडा कानशीने घासल्या होत्या, चारही कोपरे गोल केले होते. हबच्या आत, अंधारात, भुकटीखाली राहणाऱ्या तुकड्याचे कोपरे.

नवे शू मी आणून ठेवले होते. पत्र्याची आता गरज नव्हती.

तरी तो दिवसभर डोक्यातून जाईना. टाकायचा की ठेवायचा एवढाच प्रश्न असता तर ठेवला असता, नखाएवढ्या वस्तूला कितीशी जागा लागते. मला खटकत होतं ते वेगळंच. आमच्या घरात काकांची ख्याती ‘तात्पुरतं काही चालायचं नाही’ अशी होती. नळ गळायला लागला तर ते वायसर बदलत नसत, अख्खा नळ बदलत. खुर्चीचा पाय डुगडुगला तर चारही पाय काढून पुन्हा बसवत. त्यांच्या हातचं काम म्हणजे एकदाच आणि कायमचं, असं आम्ही सगळे मानत आलो. आणि त्याच माणसाने स्वतःच्या गाडीच्या ब्रेकमध्ये, जिथे तडजोड अजिबात नको तिथे, पत्र्याचा टेकू देऊन दिवस काढले होते. आधी वाटलं, पैशांची चणचण असेल. मग शू उजेडात धरून नीट पाहिले. अस्तर रिव्हेटांनी बसवलेलं असतं, आणि ते फारच झिजलं तर रिव्हेटांची डोकी ड्रमवर घासून ओरखडे पाडतात. इथे डोकी अस्तराच्या पातळीला आली होती, पण ड्रमवर एकही ओरखडा नव्हता. म्हणजे ते चाक पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. अजून किती दिवस चालेल याचा अंदाज घेत होते. या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यानंतर चांगल्या सुट्या भागांसाठी लोकांना किती वणवण करावी लागली हे जावा-येझदीवाल्यांना सांगायला नको. योग्य शू मिळेपर्यंत ते थांबले असतील. आणि मग चालवणंच सुटलं असेल.

गाडी माझ्याकडे कशी आली ते थोडक्यात सांगते. काका गेल्यावर घरातल्या कुणालाच तिचं काय करायचं ते सुचत नव्हतं. भंगारात द्यायला कुणाची जीभ रेटेना, आणि ठेवायची तर जागा कुणाकडे. काकू म्हणाली, “तूच ने. बॅटरी तूच धरायचीस ना त्यांच्यासाठी.” खरंच धरायचे. शाळकरी वयात, संध्याकाळी, काका गाडीशेजारी पाटावर बसलेले आणि मी टॉर्च घेऊन त्यांच्या खांद्यामागे उभी. “हलवू नकोस. उजेड माझ्या हातावर नको, नटावर पाड.” एवढंच बोलत. काय करताहेत, का करताहेत, हे कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या मानेवरचा घाम, रॉकेलचा वास, पान्याची टोकं नटावर बसताना होणारा बारीकसा खट्ट आवाज, आणि काम झाल्यावर जुन्या बनियनच्या फडक्याला एकेक बोट पुसण्याची त्यांची पद्धत, हे सगळं लक्षात आहे. गाडीबद्दलचं ज्ञान मात्र शून्य. मला वाटतं, त्यांना सोबत हवी असायची, शिष्य नको असायचा. याचं मला आता थोडं वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो. एक वाक्य जास्त बोलले असते तर काय बिघडलं असतं?

इंजिन जाम होतं. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून जातं, दमट हवा शिरते आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला धरून बसतात. अशा वेळी किकवर उभं राहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, येणारा-जाणारा प्रत्येक जण तोच सल्ला देतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. जोर लावला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरच्या भिंतीला चरा पडतो. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि तेलाचं मिश्रण ओतायचं आणि वाट पाहायची. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे करायचं. फार थोडं. रोज संध्याकाळी मी ते करत होते. हाताला काही म्हणजे काही लागत नव्हतं, भिंत ढकलावी तसं. आणि एके दिवशी चाक जरासं, केसभर, जास्त गेलं. बाहेरून कुणाला दिसलंही नसतं, पण तळहाताला कळलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. मग प्लगच्या भोकातून तांबूस, गढूळ डिझेलचा एक फवारा आला आणि पिस्टन पूर्ण फेरा फिरला. त्या क्षणी टॉर्च धरायला कुणी हवं होतं असं फार वाटलं.

टू-स्ट्रोक इंजिन सोपं असतं असं म्हणतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, पिस्टनच वरखाली होत भिंतीतली दारं उघडतो आणि मिटतो. पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली तेल मिसळलेलं, तेच आतल्या बेअरिंगांना वंगण पुरवतं. भाग मोजकेच. पण उघडून बसल्यावर लक्षात येतं की या सोपेपणाला फार काटेकोरपणा लागतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रॅंककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे खालची पेटी पंपाचं काम करते, आणि पंप हवाबंद हवा. ते हवाबंदपण सांभाळतात क्रॅंकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांची रबरी ऑइल सीलं. गाडी उभी राहिली की ती वाळतात, कडक होतात, कडा चिरतात. मग तिथून जास्तीची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप भन्नाट फिरायला लागतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय जोरात चाललीय. खरं तर पिस्टन तापून धरायच्या वाटेवर असतो. दोन रबरी कड्यांसाठी अख्खं इंजिन दोन भागांत फोडावं लागतं. मी फोडलं. प्रत्येक बोल्ट काढला तसा पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढून त्याच जागी खोचला, प्रत्येक पायरीचे फोटो काढले, पिस्टनची पिन अडवणारी छोटी कडी, सर्क्लिप, काढताना तोंडाशी फडकं धरलं, कारण ती उडाली तर सरळ क्रॅंककेसमध्ये जाते. नवशिक्याकडे अनुभव नसतो, पण वेळ असतो आणि भीती असते. त्या दोन्हींचा मला खूप उपयोग झाला.

आणि मग एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. गाडी उघडत गेले तसे तिच्यात दोन हात दिसायला लागले. एक हात घाईचा. क्लचच्या नटावर छिन्नीच्या खुणा होत्या, पाना न वापरता ठोकून फिरवलेला. केसिंगच्या स्क्रूंची डोकी उडालेली. एका बोल्टचे आटे गेले होते, तिथे जाडा बोल्ट दामटून बसवलेला. कुठल्या तरी मेकॅनिकने कधीतरी संध्याकाळी गाडी परत द्यायची म्हणून केलेलं काम. आणि दुसरा हात काकांचा. वायरीचा जोड दिला तर आधी पीळ, मग डाख, मग कापडी टेप, आणि टेपचं शेवटचं टोक दोऱ्याने बांधलेलं. गॅस्केट घरी कापलेलं, पण भोकं अशी गोल की पंच वापरल्याशिवाय येणार नाहीत. काही दिवसांनी मला न पाहताही कळायला लागलं की हे त्यांनी केलंय आणि हे नाही. माणसाचं हस्ताक्षर ओळखावं तसं. ते जे कधीच बोलले नाहीत ते इथे सगळं लिहून ठेवल्यासारखं होतं: कुठे त्यांना विश्वास होता, कुठे धास्ती होती, कुठल्या कामाचा कंटाळा होता. पुढच्या काट्याकडे, म्हणजे फोर्ककडे, त्यांनी बहुधा कधी लक्षच दिलं नव्हतं. तिथे जुनं तेल काळं, दाट, कुबट झालं होतं. पण मागची चेन! जावाची मागची चेन पूर्ण बंद पत्र्याच्या खोक्यात असते, पाऊस-धुळीपासून सुरक्षित, त्यामुळे बहुतेक लोक तिला विसरूनच जातात. मी खोकं उघडलं तेव्हा आत ग्रीस अजून ओलसर होतं, मधासारखं पिवळं कुठेच नव्हतं, काळंच होतं, पण प्रत्येक कडीत पोचलेलं. वरून नुसतं थापलेलं नाही. चेन काढून, भिजवून, पुन्हा चढवलेली.

त्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक चपटी पत्र्याची डबी होती आणि तिच्यात सिगारेटच्या कागदाचे पातळ तुकडे. काका आयुष्यात कधी सिगारेट ओढले नाहीत. डबी मी नुसती बाजूला ठेवली होती. तिचा अर्थ लागला तो इग्निशनच्या कामाला बसल्यावर. या गाडीत ठिणगी पाडतात पॉइंट, म्हणजे धातूची दोन छोटी तोंडं. ती उघडतात त्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते, आणि तो क्षण पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या काही मिलिमीटर आधी यायला हवा. थोडा पुढे-मागे झाला की किक मागे उसळते किंवा गाडी दमच धरत नाही. तोंडांमधलं जास्तीत जास्त अंतर फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातीने, ०.४ मिलिमीटर लावता येतं, पण उघडण्याचा नेमका क्षण डोळ्यांना दिसत नाही. दिसण्याइतकं अंतर पडेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यासाठी बल्ब जोडून पाहतात. किंवा मग पॉइंटच्या तोंडांमध्ये पातळ कागद धरायचा, तो हलकासा ओढत राहायचा आणि दुसऱ्या हाताने इंजिन सावकाश फिरवायचं. पॉइंट मिटलेले आहेत तोवर कागद धरलेला राहतो. उघडले की सुटतो.

मी डबीतलाच एक तुकडा घेतला. त्याच्या टोकाला पॉइंटांनी आधी पकडल्याची पुसट काळी खूण होती. कागद ओढत, इंजिन फिरवत होते आणि तो निसटला. बोटांना जाणवलं ते फार लहान होतं, आधी ताण होता आणि मग नव्हता. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. त्या संध्याकाळी मी उगाचच कितीतरी वेळा ते करत बसले. शेवटी बल्ब लावूनही पाहिलं, उत्तर तेच आलं.

गाडी सुरू झाली ती सकाळी, फारसा समारंभ न होता. पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटरवरचं छोटं बटण पेट्रोल ओसंडेपर्यंत दाबून धरलं, गिअरचा दांडा आत ढकलून वर फिरवला, म्हणजे तोच किक होतो, आणि मारत राहिले. एकदा फुसकी सोडली, मग दोनदा, मग धरलं. दोन्ही सायलेन्सरांतून निळा-पांढरा धूर इतका आला की समोरचा माणूस दिसेना. आत साचलेलं तेल जळत होतं. धूर विरळ झाला तसा आवाज मोकळा झाला आणि आईने आतून हाक मारली, “आला का गं काका?” तिच्या तोंडून अगदी सहज निघून गेलं. त्यानंतर ती बाहेर आली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण गेले काही आठवडे मी त्याच्यावरच अडकले आहे. काय बदलायचं आणि काय ठेवायचं. ब्रेक, टायर, केबली, वायरिंग, सीलं यांबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. ज्यावर जीव अवलंबून आहे ते नवं. बाकीच्याबद्दल मी ठरवून टाकलं होतं की हात लावायचा नाही. टाकीवर दोन्ही बाजूंना गुडघ्यांच्या रबराजवळ मरून रंग घासून फिका झालाय, सोनेरी रेघा मध्येच पुसल्यात, क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके आहेत. ते सगळं मला फार मोलाचं वाटत होतं. लोक म्हणत, “आता एवढं केलंयस तर शोरूमसारखी कर.” मी म्हणायचे, शोरूमसारख्या गाड्या पुष्कळ आहेत, ही काकांची आहे. कुणी म्हणालं, ओरिजनल ठेव, किंमत वाढेल. तेही मला पटलं नाही. तसं पाहिलं तर केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली गाडी वेगळ्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. तशी नोंदणी झाली की ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मला ते नको होतं. ही गाडी भाजी आणायला नेलेली आहे, दवाखान्यात नेलेली आहे. ती मखरात बसवायची कल्पनाच मला सहन होत नाही.

म्हणून काकूला दाखवायला घेऊन गेले. तिने टाकीवरून हात फिरवला, वाकून मडगार्ड पाहिलं आणि म्हणाली, “रंग कधी देणार?”

मी सांगितलं की रंग देणार नाही, हे त्यांच्या गुडघ्यांनी घासलेलं आहे, तसंच ठेवायचं ठरवलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. “अगं, ह्यांना कधी चाललं असतं का असं? शर्टाची कॉलर विरली तर घालायचे नाहीत. ही घासलेली टाकी बघून रोज चिडायचे. रंग द्यायचाय, रंग द्यायचाय, शेवटपर्यंत म्हणत होते. तब्येत बिघडली म्हणून राहिलं.” मी काहीच बोलले नाही. मग ती मागच्या मडगार्डच्या एका पोपड्याशी बोट नेऊन म्हणाली, “आणि हा कुठे पहिला रंग आहे?” खरंच, पोपडा निघाला होता तिथे मरूनच्या खाली काळा थर होता आणि काळ्याच्या खाली पुन्हा जुना, गडद मरून. मी तो पोपडा रोज पाहत होते आणि काळ्या थराला प्रायमर समजून सोडून दिलं होतं. “एकदा त्यांना काळी हवीशी वाटली. सगळे करत होते तेव्हा. सहा महिन्यांत कंटाळले, पुन्हा लाल करून आणली. रेघा मारणारा माणूस घरी बोलावला होता. दिवसभर बसून, एका श्वासात एक रेघ.”

त्या बोलण्याने माझी चांगलीच पंचाईत झाली. कारण तोवर मी जे जपत होते ते काकांचं आहे अशी माझी खात्री होती. पण काकांना ती झीज म्हणजे राहून गेलेलं काम वाटत होती. तो ब्रेकमधला पत्रासुद्धा. नवे शू मिळाले असते त्या दिवशी त्यांनी तो क्षणभरही विचार न करता फेकून दिला असता. कोपरे गोल केले होते ते मागे कुणीतरी पाहावं म्हणून नव्हे, धारदार कोपरा आत कुठे अडकू नये म्हणून. झिजलेली टाकी मला हवी आहे, त्यांना नको होती. आणि कागदोपत्री तर ती माझीही नाही. मालक गेल्यावर वारसाने फॉर्म ३१ भरून नोंदणी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तो काकूने भरला आहे, गाडी तिच्या नावावर आहे. माझ्या नावावर करायची तर पुढचे फॉर्म निराळे, आणि ते भरायची मला घाई नाही. गाडीचं मला ‘वारसाने’ काय मिळालं असा विचार करते तेव्हा उत्तर येतं ते डबीतल्या कागदाचं, टेपच्या टोकाला बांधलेल्या दोऱ्याचं. रंगाचं येत नाही. तरीसुद्धा ती फिकी जागा एमरी पेपरखाली जाणार या कल्पनेने पोटात खड्डा पडतो, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यातली एकही खोडता येत नाही.

टाकी आता उतरवली आहे. मरूनची नेमकी छटा काकू ठरवणार, नमुन्यासाठी तिने बॅटरीच्या झाकणाची आतली बाजू दाखवली आहे, तिथे ऊन लागलेलं नाही. हाताने रेघा मारणारा माणूस शोधायचाय. स्टिकर लावायला ती तयार नाही आणि मीही नाही. दरम्यान तिने आणखी एक काम सांगितलंय, ते आधी करायचं: मागच्या सीटचा डावा फूटरेस्ट डुगडुगतो. उघडून पाहिला तर बोल्टच्या भोकाचे आटे गेलेत. वेल्डिंगने भरून पुन्हा आटे पाडावे लागतील. “रंग होईपर्यंत तेवढं कर,” ती म्हणाली. “मला त्या बाजूनेच चढायची सवय आहे.”